अमेरिकेंतील फार्मसी-शिक्षणाची पूर्वतयारी



औषधें देणारा मनुष्य म्हटला कीं आपल्याकडील जुन्या पिढीच्या डोळ्यांसमोर कंपाउंडर उभा राहतो. डॉक्टरांच्या खोलीलगतच्या फळीआड उभें राहून चिठ्ठीबरहुकूम मिश्रण करावें, तें बाटलींत भरावें, आणि एका वेळीं किती घ्यावयाचें हें रोग्यास समजावें म्हणून कातरलेली कागदाची पट्टी बाटलीवर चिकटवावी, असें त्याचें काम असे. हें काम तो पाहून पाहून शिके. त्यासाठीं विश्वविद्यालयाची पायरी चढण्याचें त्यास कारण पडत नसे. आज ती स्थिति पालटली आहे. औषधें कारखान्यांत तयार होतात, त्यांची संख्या हजारांनीं मोजावी लागते, आणि एखाद्या वृद्ध गृहस्थाच्या डब्यांत आठ-दहा प्रकारच्या गोळ्या असणें ही नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. त्या गोळ्यांचें एकमेकींशीं जमतें कीं नाहीं, कोणती उपाशी पोटीं घ्यावी, मूत्रपिंड थकलेल्या माणसास कोणत्या औषधाची मात्रा कमी करावी, हें पाहणारा जो मनुष्य, तो आजचा फार्मासिस्ट. अमेरिकेंत या कामासाठीं डॉक्टरेटच्या दर्जाची व्यावसायिक पदवी घ्यावी लागते, आणि ती देणाऱ्या शाळेंत पाऊल टाकण्यापूर्वीं बहुधा दोन ते चार वर्षें सामान्य कॉलेजांत काढावीं लागतात. त्या पूर्वतयारीच्या वर्षांविषयीं आज मी चार गोष्टी सांगणार आहें.

अमेरिकेंतील शिक्षणाशीं आपणांस काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु आज पुष्कळ मराठी कुटुंबांचीं मुलें तेथेंच जन्मलीं व वाढलीं आहेत, आणि त्यांच्या शिक्षणाविषयींचा विचार पुण्या-मुंबईतील आजी-आजोबांच्या पत्रांतून व फोनवरून चालतो. दुसरीकडे येथें बी. फार्म. करून तिकडे जाऊं इच्छिणारे तरुणहि थोडे नाहींत. दोघांच्याहि बाबतींत वर्षें आणि पैसा, दोन्ही मोठ्या प्रमाणांत खर्ची पडतात. म्हणून तेथील मार्ग कसा आहे हें आधींच स्पष्ट समजून घेतलेलें बरें.

प्रथम रचना पाहूं. भारतांत बारावी झालेला विद्यार्थी थेट बी. फार्म.च्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमांत जातो. अमेरिकेंत परवान्यासाठीं लागणारी पदवी ‘डॉक्टर ऑफ फार्मसी’, म्हणजे फार्म. डी., ही आहे. ती साधारणपणें चार वर्षांची असून तिच्या आधीं निदान दोन वर्षांचें कॉलेज-शिक्षण व्हावें लागतें. कांहीं विद्यार्थी दोन वर्षांनीं जातात, कांहीं तीन वर्षांनीं, आणि पुष्कळसे चार वर्षांची पदवी पुरी करूनच जातात. शालेय शिक्षण संपतांच सहा वर्षांकरितां घेणारीं कांहीं कॉलेजें आहेत, तसेंच फार्म. डी. तीन वर्षांत उरकणारींहि कांहीं आहेत. यांतील ‘प्री-फार्मसी’ हें बहुतेक ठिकाणीं पदवीचें नांव नसून अभ्यासाचा एक बेत असतो. मुख्य विषय रसायनशास्त्र घ्या, जीवशास्त्र घ्या, किंवा इतिहास घ्या. फार्मसी-शाळेनें मागितलेले पूर्वावश्यक विषय त्याबरोबर पुरे केले म्हणजे झालें.

ही लांबलचक रचना एका दिवसांत उभी राहिलेली नाहीं. उत्तर अमेरिकेंतील पहिलें फार्मसी-कॉलेज १८२१ सालीं फिलाडेल्फिया येथें निघालें. त्या काळीं औषधांच्या दुकानांतील उमेदवारी हेंच खरें शिक्षण मानलें जाई, आणि कॉलेज हें त्या उमेदवारीस जोड म्हणून असे. पुढें मिशिगन विश्वविद्यालयांत १८६८ सालीं अल्बर्ट प्रेस्कॉट या रसायनशास्त्रज्ञाच्या पुढाकारानें वेगळा प्रयोग सुरू झाला. पदवीपूर्वीं दुकानांतील उमेदवारीची अट त्यानें काढून टाकली, आणि विद्यार्थ्यास पूर्ण वेळ प्रयोगशाळेंत उभें केलें. त्या काळच्या व्यावसायिकांस ही गोष्ट इतकी रुचली नाहीं कीं, १८७१ सालच्या त्यांच्या अधिवेशनांत प्रेस्कॉट यांस प्रतिनिधि म्हणून बसूं देण्यांत आलें नाहीं. परंतु काळाचा कौल प्रेस्कॉट यांच्या बाजूनें पडला. १९३२ मध्यें चार वर्षांचा अभ्यासक्रम आवश्यक झाला, १९६० मध्यें पांच वर्षांचा झाला, आणि २००० च्या सुमारास फार्म. डी. हीच नव्या फार्मासिस्टांची एकमेव पदवी ठरली. तथापि दुकानाचा पक्षहि अगदींच हरला असें नाहीं. आजच्या फार्म. डी.च्या विद्यार्थ्यास आरंभींच्या वर्षांत किमान ३०० तास आणि शेवटच्या काळांत किमान १,४४० तास दुकानांत व रुग्णालयांत प्रत्यक्ष काम करावें लागतें. पूर्वतयारी करणाऱ्यानें म्हणूनच दोन्ही बाजू ध्यानांत ठेवाव्या: प्रयोगशाळा हवी, आणि गिऱ्हाइकासमोर उभें राहण्याची संवयहि हवी.

आतां या विषयांतील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतों. आपल्या घरांतून ‘तयारी’ या शब्दाचा अर्थ बहुधा ‘प्रवेश मिळविण्याची तयारी’ असाच घेतला जातो. जागा थोड्या, उमेदवार फार, म्हणून शर्यत. आणि एकदां आंत गेलें कीं निश्चिंति, अशी ही समजूत आहे. अमेरिकेंतील फार्मसीच्या बाबतींत ही समजूत आज फसवी ठरते. या शतकाच्या आरंभीं तेथें फार्मसीचीं मान्यताप्राप्त कॉलेजें सुमारें ८० होतीं. वीस वर्षांत तीं १४० च्या घरांत गेलीं. नेमक्या याच काळाच्या उत्तरार्धांत अर्जांची संख्या घसरत गेली. २०१० च्या आगेमागें सर्व कॉलेजांकडे मिळून वर्षास लाखावर अर्ज जात. पुढील दहा वर्षांत हा आंकडा निम्म्याहूनहि खालीं आला. जागा वाढल्या, मागणारे घटले. साहजिकच दारें सैल झालीं. ‘पीकॅट’ नांवाची जी प्रवेशपरीक्षा विद्यार्थ्यांस धाक दाखवीत असे, ती एकेका कॉलेजानें सोडून दिली आणि जानेवारी २०२४ मध्यें ती कायमची बंद झाली. कित्येक कॉलेजांत चारपैकीं अडीच गुणांक असला तरी अर्जाचा विचार होतो.

हें ऐकून आईबापांस हायसें वाटेल. परंतु गोष्ट येथेंच संपत नाहीं. पदवी मिळाल्यावर परवान्यासाठीं ‘नॅप्लेक्स’ नांवाची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. तींत २२५ प्रश्न असतात आणि त्यांस सहा तास मिळतात. शिवाय त्या त्या राज्याच्या कायद्याची परीक्षा बहुतेक ठिकाणीं वेगळी असते. २०१४ सालीं या राष्ट्रीय परीक्षेंत पहिल्या खेपेस बसलेल्या नव्या पदवीधरांपैकीं शेंकडा सुमारें ९५ उत्तीर्ण झाले. २०२३ सालीं हें प्रमाण शेंकडा सुमारें ७८ वर आलें. २०१६ मध्यें परीक्षेचें स्वरूप बदललें, हें त्याचें एक कारण सांगतात. पण तेवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं. चाळणी पूर्वीं पुढच्या दारांत होती. आज ती मागच्या दाराशीं नेऊन ठेवली आहे. आणि मागच्या दाराशीं जो अडतो, त्याचीं सहा-आठ वर्षें खर्च झालेलीं असतात. कर्ज काढून शिकणाऱ्यांच्या डोक्यावर पदवीच्या वेळीं सरासरीनें दीड लाख डॉलरांहून अधिक कर्ज असतें. यास्तव माझें सांगणें एवढेंच आहे कीं, ही पहिलीं दोन-तीन वर्षें प्रवेशासाठीं घालवूं नयेत. पुढें औषधाच्या फळीमागें उभें राहावयाचें आहे, त्यासाठीं घालवावीं.

या दृष्टीनें पूर्वावश्यक विषयांची यादी पाहिली म्हणजे तिचा अर्थ निराळा दिसूं लागतो. बहुतेक कॉलेजें दोन सत्रांचें सामान्य रसायनशास्त्र व दोन सत्रांचें सेंद्रिय रसायनशास्त्र प्रयोगांसह मागतात. त्याखेरीज जीवशास्त्र, शरीररचना व शरीरक्रिया, सूक्ष्मजंतुशास्त्र, पदार्थविज्ञान, कलनशास्त्र, संख्याशास्त्र, इंग्रजी लेखन, भाषणकला आणि कांहीं ठिकाणीं अर्थशास्त्र, असे विषय असतात. विद्यार्थी यांकडे जकातनाक्यांसारखें पाहतो: पैसे भरावे आणि पुढें जावें. वस्तुतः यांतील प्रत्येक विषय पुढें केव्हां ना केव्हां कोणाच्या तरी जिवाशीं येऊन भिडतो. दोन-तीन उदाहरणें देतों.

सेंद्रिय रसायनशास्त्र हा विद्यार्थ्यांच्या सर्वांत नावडीचा विषय. कर्ब, उज्ज आणि प्राणवायु यांच्या अणूंचीं तीं जाळीं पाठ करून काय मिळणार, असें त्यांस वाटतें. १९३७ सालीं अमेरिकेंतील एका कंपनीनें सल्फानिलामाइड हें गुणकारी औषध पातळ स्वरूपांत विकावयाचें ठरविलें. तें विरघळविण्यासाठीं तिच्या रसायनज्ञानें डायएथिलीन ग्लायकॉल हा द्रव निवडला. द्रव गोडसर होता, रंगहीन होता, औषध त्यांत उत्तम विरघळलें; मात्र तो मूत्रपिंडास घातक आहे याची कोणीं परीक्षा केली नाहीं. शंभरावर माणसें दगावलीं, आणि त्यांत लहान मुलें पुष्कळ होतीं. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें औषध सुरक्षित असल्याचें आधीं सिद्ध करणें बंधनकारक नव्हतें. पुढच्याच वर्षीं, १९३८ मध्यें, तसा कायदा झाला. हें दूरदेशचें जुनें वृत्त म्हणून सोडून देऊं नये. १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत ग्लिसरीन दिलेले चौदा रोगी मृत्यु पावले, तेव्हां त्या ग्लिसरीनमध्यें हाच द्रव मिसळलेला निघाला, आणि न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगास त्याची चौकशी करावी लागली. ग्लिसरीन आणि हा विषारी द्रव दिसावयास सारखे, चवीस सारखे लागतात. भेद आहे तो रेणूच्या रचनेंत, आणि तो डोळ्यांस न दिसतां रसायनशास्त्रासच दिसतो. जो विद्यार्थी रचनेवरून गुण ओळखावयास शिकला, त्याला औषधांचीं नांवें पुढें निम्मीच पाठ करावीं लागतात. कारण एका कुळांतील औषधांचे स्वभाव त्यास रचनेवरूनच कळूं लागतात.

गणिताचें तसेंच आहे. कलनशास्त्र कॉलेज मागतें म्हणून शिकावें, पण रोज उपयोगीं पडतें तें साधें त्रैराशिक, आणि तें बिनचूक यावें लागतें. अमेरिकेंत वजन पौंडांत सांगतात, औषधाची मात्रा मात्र किलोग्रॅममागें ठरते. बावीस पौंडांचें मूल म्हणजे दहा किलोचें. एका किलोस १५ मिलिग्रॅम असें औषध असेल, तर त्या मुलास १५० मिलिग्रॅम द्यावयाचें. पौंडांचे किलो करावयाचे राहून गेले, तर हिशेब ३३० मिलिग्रॅम येतो, म्हणजे दुपटीहून अधिक. कागदावर ही किरकोळ चूक दिसते. मुलाच्या शरीरांत ती किरकोळ राहत नाहीं. २००६ सालीं ओहायओ राज्यांतील एका रुग्णालयांत दोन वर्षांच्या मुलीस द्यावयाचें कर्करोगावरील औषध मिठाच्या द्रावणांत मिसळावयाचें होतें. असें द्रावण शेंकडा ०.९ मिठाचें असावें लागतें. हाताखालच्या कर्मचाऱ्यानें शेंकडा सुमारें २३ मिठाचें, म्हणजे पंचवीसपट तीव्र, द्रावण वापरलें. फार्मासिस्टनें तें तपासून पुढें जाऊं दिलें. मुलगी दगावली, फार्मासिस्टचा परवाना गेला आणि त्यास तुरुंगवास भोगावा लागला. त्यानंतर २००९ सालीं त्या राज्यानें अशा कर्मचाऱ्यांच्या शिक्षणासंबंधीं कायदा केला. चूक एकानें केली आणि दुसऱ्यानें ती पाहिली नाहीं. हा दुसरा मनुष्य होण्यासाठींच आपला विद्यार्थी शिकत असतो, ही गोष्ट त्यानें पहिल्या वर्षापासून मनांत बाळगावी. गणिताच्या वहींत प्रत्येक उत्तरापुढें एकक लिहिण्याची, आणि उत्तर आल्यावर ‘हें शक्य आहे काय?’ असें स्वतःस विचारण्याची संवय त्याच वर्षीं लागते. पुढें ती लावणें जड जातें.

शरीरक्रियाशास्त्राविषयीं एकच उदाहरण पुरे. पपनसाच्या कुळांतील ग्रेपफ्रूट हें फळ अमेरिकेंत न्याहारीस आवडीनें खातात. त्याच्या रसानें आंतड्यांतील एक पाचक द्रव्य निष्क्रिय होतें, आणि रक्तांतील चरबीवरील कांहीं गोळ्या, ज्या त्या द्रव्यामुळें एरवीं अंशतः मोडून जातात, त्या रक्तांत भलत्याच प्रमाणांत उतरतात. गोळी तीच, मात्रा तीच, पण परिणाम वाढलेला. औषध पोटांत गेल्यावर कोठें शोषलें जातें, यकृतांत त्याचें काय होतें, मूत्रपिंडांतून तें कसें बाहेर पडतें, हा प्रवास ज्यास ठाऊक आहे त्याला ही गोष्ट एकदां ऐकून कळते. ज्यास ठाऊक नाहीं त्याला ती प्रत्येक औषधासाठीं वेगळी घोकावी लागते.

संख्याशास्त्र शिकतांना विद्यार्थ्यास वाटतें कीं हा विषय सरकारी अहवालांचा. परंतु एखादें नवें औषध ‘धोका अर्ध्यानें कमी करतें’ अशी जाहिरात येते, तेव्हां त्याचा खरा अर्थ लावणें हें फार्मासिस्टचें काम असतें. शंभर माणसांपैकीं दोघांस होणारा विकार औषधानें एकासच झाला, तरी धोका अर्धा झाला असें म्हणतां येतें. पण त्या एका माणसासाठीं शंभर जणांनीं औषध घेतलें, त्याचा खर्च व त्रास सोसला, हेंहि तितकेंच खरें. दोन्ही वाक्यें एकाच वेळीं डोळ्यांसमोर ठेवतां येणें, हें संख्याशास्त्राचें फळ आहे.

राहतां राहिली भाषा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यास इंग्रजी लेखन व भाषणकला हे विषय शोभेचे वाटतात. तसें नाहीं. रक्तदाबासाठीं हायड्रॅलझीन नांवाचें औषध आहे आणि खाज व चिंता यांसाठीं हायड्रॉक्सिझीन नांवाचें. फोनवरून घाईनें उच्चारलेलीं हीं नांवें कानास किती जवळचीं वाटतात हें आपण आतांच अनुभवलें. इंग्रजींत ‘एकदां’ या अर्थाच्या ‘वन्स’ शब्दाचीं जीं अक्षरें, त्याच अक्षरांचा स्पॅनिश भाषेंत अर्थ ‘अकरा’ होतो. अमेरिकेंत स्पॅनिश बोलणारे लोक कोट्यवधि आहेत; बाटलीवरील चिठ्ठी वाचून त्यांपैकीं एखाद्यानें काय समजावें, याचा विचार फार्मासिस्टनें करावयाचा. म्हणून मोकळीक असेल तर विद्यार्थ्यानें या वर्षांत थोडें स्पॅनिश शिकावें. आणि मोठ्या माणसास न दुखवितां, ‘मीं सांगितलें तें आपण पुन्हां एकदां मला सांगाल काय?’ असें विचारावयास शिकावें. रोग्यास खरोखर समजलें कीं नाहीं, हें याच प्रश्नानें कळतें.

आतां व्यवहाराकडे येतों. पहिली गोष्ट, विषयांचा क्रम. सामान्य रसायन पुरें झाल्यावांचून सेंद्रिय रसायनास बसतां येत नाहीं, आणि पुष्कळ कॉलेजांत पहिला भाग शरद ऋतूंतील सत्रांतच सुरू होतो. पहिल्याच सत्रांत रसायन टाळलें, तर सर्व मालिका एक वर्ष मागें जाते. साधारणतः पहिल्या वर्षीं सामान्य रसायन, जीवशास्त्र, कलनशास्त्र व इंग्रजी. दुसऱ्या वर्षीं सेंद्रिय रसायन, शरीररचना व शरीरक्रिया, सूक्ष्मजंतुशास्त्र, संख्याशास्त्र व भाषणकला. पदार्थविज्ञान जेथें बसेल तेथें, अशी मांडणी करावी. सर्व कॉलेजांच्या मागण्या सारख्या नसतात. एकास जीवरसायन हवें असतें, दुसऱ्यास नसतें. यासाठीं पहिल्याच वर्षीं मनांतील चार-पांच कॉलेजांच्या याद्या शेजारीं शेजारीं लिहून काढाव्या आणि प्रत्येक वर्षीं त्या ताज्या कराव्या.

दुसरी गोष्ट, दुकानाचा अनुभव. तेथें औषधांच्या दुकानांत ‘टेक्निशियन’ म्हणून मदतनीस असतात. प्रत्येक राज्याचे नियम निराळे. पण बहुतेक ठिकाणीं थोडें शिक्षण घेऊन किंवा प्रमाणपत्राची परीक्षा देऊन विद्यार्थ्यास हें काम मिळूं शकतें. सुटींत चार-सहा महिने तें करावें. गोळ्या मोजणें, विमा कंपनीशीं फोनवर वाद घालणें, तासन्‌तास उभें राहणें, संध्याकाळच्या गर्दींत चिडलेल्या माणसाशीं शांतपणें बोलणें, हें सर्व त्यांत येतें. ज्यास हें सोसत नाहीं, त्यास तें दुसऱ्या वर्षीं कळलेलें बरें. सहाव्या वर्षीं कळून उपयोग नाहीं. परदेशांतून शिकावयास गेलेल्या विद्यार्थ्यास बाहेर नोकरी करण्याची मुभा सहज मिळत नसते. त्यानें निदान एखाद्या रुग्णालयांत सेवाभावानें काम करण्याची सोय पाहावी आणि फार्मासिस्टांशीं प्रत्यक्ष बोलावें. शिफारसपत्रें ज्यांच्याकडून घ्यावयाचीं, तीं माणसें अशाच ठिकाणीं भेटतात.

तिसरी गोष्ट, अर्ज. बहुतेक कॉलेजांसाठीं ‘फार्मकॅस’ नांवाची एकच समाईक योजना आहे. प्रवेशाच्या आधल्या वर्षीं उन्हाळ्यांत, जुलैच्या मध्याच्या सुमारास, ती खुली होते. गुणपत्रकें, शिफारसपत्रें व स्वतःविषयींचा निबंध तींत द्यावा लागतो. मग कॉलेज मुलाखतीस बोलावतें. निबंधांत लहानपणापासून विज्ञानाची आवड होती, असें लिहिणारे सगळेच असतात. त्यापेक्षां आपण काय पाहिलें आणि त्यावरून काय ठरविलें, एवढें नीट लिहावें.

चौथी गोष्ट, दोन वर्षांनीं जावें कीं पदवी घेऊन जावें. दोन वर्षांनीं गेल्यास पैसा व काळ वांचतो. पदवी घेऊन गेल्यास पाया पक्का होतो, आणि मध्येंच मन बदललें तर हातीं कांहीं तरी राहतें. ज्याचें रसायन व गणित भक्कम आहे आणि ज्यानें दुकानांत काम करून पाहिलें आहे, त्यानें लौकर जाण्यास हरकत नाहीं. ज्याची अद्याप चाचपणी चालली आहे, त्यानें पदवी पुरी करावी. ती दोन वर्षें वायां जात नाहींत.

पांचवी गोष्ट, कॉलेजाची निवड. दारें सैल झाल्यामुळें निवड करण्याचा अधिकार आज विद्यार्थ्याच्या हातीं आला आहे. तो त्यानें वापरावा. प्रत्येक कॉलेजाच्या पदवीधरांपैकीं राष्ट्रीय परीक्षेंत पहिल्या खेपेस किती उत्तीर्ण झाले, याचे आंकडे प्रसिद्ध होत असतात. किती विद्यार्थी ठरलेल्या वेळांत पदवी घेऊन बाहेर पडले, हेंहि विचारतां येतें. इमारत व वसतिगृह पाहण्यापूर्वीं हे दोन आंकडे पाहावे. ज्या राज्यांत कुटुंब राहतें तेथील सरकारी विश्वविद्यालयाचें शुल्क बहुधा पुष्कळ कमी असतें, हेंहि विसरूं नये.

शेवटीं, भारतांतून जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं एक महत्त्वाची सूचना. आपल्याकडे विश्वविद्यालयीन फार्मसी-शिक्षणाचा पाया प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनीं १९३२ सालीं काशी हिंदु विश्वविद्यालयांत घातला. तेव्हांपासून आपल्या अभ्यासक्रमाचा कल औषधें तयार करण्याकडे अधिक राहिला. अमेरिकेचा कल रोग्याकडे अधिक वळला. या भेदाचा व्यावहारिक परिणाम असा कीं, १ जानेवारी २००३ पासून पुढें पदवी घेतलेल्या परदेशी फार्मासिस्टांकडून तेथील राष्ट्रीय मंडळ निदान पांच वर्षांचा फार्मसी-अभ्यासक्रम मागतें. आपली चार वर्षांची बी. फार्म. पदवी त्यांत बसत नाहीं. भारतांत २००८ पासून सुरू झालेला सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रम या वर्षांच्या अटींत बसतो. त्यानंतरहि तेथील समकक्षतेची परीक्षा, इंग्रजीची परीक्षा व प्रत्यक्ष कामाचे तास हीं पुरीं करावींच लागतात. बी. फार्म. झालेला विद्यार्थी तेथें जाऊन दोन वर्षांची एम. एस. पदवी घेतो, तेव्हां तो संशोधनाच्या व औषधोद्योगाच्या वाटेनें गेलेला असतो. ती वाट चांगली आहे, पण केवळ त्या पदवीवर फार्मासिस्टचा परवाना मिळत नाहीं. परवानाच हवा असेल, तर त्याला तेथील फार्म. डी.स अर्ज करावा लागतो, आणि येथील कोणते विषय पूर्वावश्यक म्हणून धरले जातील हें त्या त्या कॉलेजास आधीं लेखी विचारून घ्यावें लागतें. घरावर कर्ज काढण्यापूर्वीं हा एक प्रश्न विचारला, तर पुढचे पुष्कळ मनस्ताप टळतील.

एवढें सर्व ऐकून एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा उत्साह मावळावा, असा माझा हेतु नाहीं. डॉक्टरनें लिहिलेलें औषध रोग्याच्या हातीं पडण्यापूर्वीं तें शेवटचें पाहणारे डोळे फार्मासिस्टचे असतात. त्या डोळ्यांच्या भरंवशावर कित्येक घरें रात्रीं निश्चिंत झोंपतात. ज्यास ही जबाबदारी हवीशी वाटते, त्यानें प्रवेश मिळतो कीं नाहीं याची फारशी चिंता करूं नये. तो बहुधा मिळेल. त्यानें आज संध्याकाळीं रसायनाची वही उघडावी, आणि आठवड्याच्या अखेरीस आपल्या भागांतील एखाद्या फार्मासिस्टकडे जाऊन, ‘मला तासभर आपलें काम पाहूं द्याल काय?’ असें विचारावें.